धडा सातवा, प्रश्न चौथा

गंगावेशीच्या चौकीत रात्रपाळीला
मी शाळेत जातो.
बक्कल नंबर हेच युजरनेम,
पासवर्ड तस्लीमनं टाकून दिलाय,
तिच्या मते कुणालाच सापडायचा नाही असा.
म्हणजे मलाही.

बाहेर कट्ट्यावर म्हशी.
चरवीत धार वाजते, गिऱ्हाईक फेसासकट पेला तोंडाला लावतं.
आत स्क्रीनवर इस्त्रीच्या साडीतली बाई म्हणते,
नमस्कार, प्रशिक्षणार्थींनो.
एकोणतीस वर्षं झाली, बाई, नोकरीला.

तिला पळवता येत नाही.
बाण पुढं ओढला की जिथल्या तिथं परत.
दर दहा मिनिटांनी विचारते, आपण उपस्थित आहात का?
परवा पंचगंगा घाटावर भांडण सोडवायला गेलो,
येऊन बघतो तर मी गैरहजर,
धडा पहिल्यापासून.

माऊस धरायला तस्लीमनंच शिकवलं.
काका, दांडकं नव्हं ते, हलकं धरा.

सहा धडे झाले.
मोबाईल जप्त कसा करायचा, ओटीपीवाले कसे फसवतात,
जुन्या कलमांना नवे आकडे.
चारशेवीस गेलं, तीनशे अठरा आलं.
आता तीनशे अठरा म्हणून
कुणाला शिवी तरी देता येती का?

सातवा: मृत्यूची बातमी नातेवाइकांना देणे.
प्रश्न चौथा.
अपघातात मुलगा मरण पावला आहे. दार आईने उघडले.
आपण काय कराल?
अ. शेजाऱ्यांना सांगून परत याल.
ब. किरकोळ लागले आहे, दवाखान्यात चला, असे सांगाल.
क. आत जाऊन, बसवून, मुलाचे नाव घेऊन, स्पष्ट शब्दांत सांगाल.
ड. वरिष्ठांची वाट पाहाल.

बोट आपोआप ब वर गेलं.

नोकरीचं चौथं वर्ष. शिये फाट्यावर ट्रक.
खिशातल्या वहीवरून पत्ता काढला, कसबा बावडा.
गुणाबाई भाकरी थापत होत्या, हात पिठाचे.
किरकोळ लागलंय, म्हणालो. सीपीआरला चला.
थांबा, म्हणाल्या, डबा घेते,
सकाळधरनं उपाशी असंल.

माझ्या मोटारसायकलवर मागं बसल्या.
डबा दोघांच्या मधी.
आमटीची ऊब वर्दीतनं पाठीला लागत होती
बावड्यापासून दसरा चौकापर्यंत.
चौकात थांबलो तेव्हा विचारलं त्यांनी,
टाके पडलेत का हो?

दोन, म्हणालो.

पडद्यावर लाल फुली.
चूक. यामुळे खोटी आशा निर्माण होते.
मग बाई समजावू लागली, न रागावता,
साडेतीन मिनिटं.
हेही पळवता येत नाही.

तस्लीम दुधाचे दोन पेले घेऊन आली.
कुठला चुकला, काका?
चौथा.
क होतं की. सोपं होतं.
व्हय, म्हटलं. सोपं होतं.

पोरगी चोवीस वर्षांची. तिचे सातही बरोबर.
अजून कुणाच्या दारात उभी राहिलेली नाही.
राहील तेव्हा आत जाईल, बसवील, नाव घेईल,
आणि तिच्या पाठीला काही लागणार नाही.
असं मी दूध पिता पिता ठरवून टाकलं.
वरची साय बोटानं काढून ठेवली, सवय आहे.

शेवटी एक चौकट. अभिप्राय लिहा, दोनशे अक्षरं.
अभिप्राय विचारायची रीत आपल्या खात्यात नाही,
त्यामुळे जरा वेळ लागला.
एका बोटानं, काना-मात्रा शोधत टाकलं:
धडा चांगला आहे.
पण आईनं डबा घेतला तर तो कुणी धरायचा,
ते सांगितलेलं नाही.

पाठवा, दाबलं.
गोल फिरत राहिलं, रेंज गेली, आली.
धन्यवाद.
धडा आठवा: वाहतूक नियमन.